सगळ्यांचे हात सारखे, लँडिंग मात्र ज्याचं त्याचं

शाळेच्या स्नेहसंमेलनात जिम्नॅस्टिक्सचं प्रात्यक्षिक असलं की बारा मुली एका ओळीत येतात. बारा अंबाडे, बारा सारखे लिओटार्ड, हात एकाच उंचीवर, हसूही एकाच वेळी. टाळ्यांचा कडकडाट होतो. आता त्याच मुलींचे पाय बघा. कार्टव्हील (हातांवरून चाकासारखी बाजूने घेतलेली कोलांटी) संपवताना एकीचे गुडघे आत वळतात, दुसरी टाचांवर आदळते, तिसरी ताठ पायांनी उतरते आणि चौथी दोन पावलं भरकटून पुन्हा ओळीत येते. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच क्लासमध्ये हे असं उलटं झालेलं दिसतं. जिथे सारखेपणा हवाच तिथे ढिलाई, आणि जिथे मोकळीक दिली तर काही बिघडणार नाही तिथे कडक शिस्त.

याला इतिहास आहे. आपल्याकडे मुलं जिम्नॅस्टिक्सला येतात ती बहुधा शाळेच्या मैदानातून. कवायत, लेझीम, मानवी मनोरे, २६ जानेवारीचं संचलन. तिथे एकाचा हात जरी वेगळा गेला तरी डोळ्याला खुपतं, कारण सारखेपणा हाच तिथला हेतू. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र मुलगी एकटी मॅटवर जाते आणि गुणही तिला एकटीलाच मिळतात. शेजारच्या मुलीसारखं दिसल्याबद्दल एक दशांशही गुण मिळत नाही.

गुण कशाचे कापतात

१९७६ मध्ये माँट्रियलला नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले तेव्हा फलकावर १.०० दिसलं, कारण १०.०० दाखवायची सोयच त्यात नव्हती. ती दहाची पद्धत २००६ पासून बंद झाली. आता दोन वेगळ्या आकड्यांची बेरीज करतात. डी म्हणजे कसरती किती अवघड आणि संच, म्हणजे सलग कसरतींची मालिका, कसा बांधलाय त्याचे गुण, हे शून्यापासून वर चढत जातात. ई म्हणजे केलं किती स्वच्छ, हे दहापासून सुरू होतात आणि कापले जातात. बारीक चुकीला ०.१, मध्यमला ०.३, मोठीला ०.५ आणि पडल्यास पूर्ण १.०.

कापतात कशासाठी, ही यादी वाचली की निम्मा वाद तिथेच मिटतो. कोपर वाकलं, गुडघा वाकला, पाय सुटले, लँडिंगला पाऊल टाकलं, तर कपात. मुलींच्या अनइव्हन बारवर (वर-खाली बसवलेले दोन आडवे दांडे) हँडस्टँड उभ्या रेषेपासून १० अंशांपर्यंत कललेला चालतो. १० ते ३० अंशांत ०.१, ३० ते ४५ अंशांत ०.३, त्यापुढे ०.५. स्प्लिट लीपमध्ये, म्हणजे पाय फाकून मारलेल्या उडीत, पाय १८० अंश उघडायला हवेत, वीस अंशांपर्यंत कमी पडले तर ०.१. हे सगळ्यांना एकसारखं लागू. उंच मुलीला सवलत नाही, डावखुरीला नाही, घाबरटालाही नाही.

आणि कापत नाहीत कशासाठी? कार्टव्हील कोणता पाय पुढे ठेवून सुरू केली. हवेत डावीकडे फिरली की उजवीकडे. व्हॉल्टसाठी, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीसाठी, किती पावलं धावली (धावपट्टी २५ मीटरच्या आत असली की झालं). लीपच्या आधी हात बाजूने नेले की समोरून. बीम (अरुंद तुळई) आणि फ्लोअरवर तर मुलींच्या नियमांत कलात्मकतेसाठी वेगळी कपात आहे. चेहरा कोरा, हालचाल पाठ केल्यासारखी, संगीताशी नातं नाही, तर ई गुणांतून वजाबाकी होते. म्हणजे एकाच ताईने आठ मुलींना एकच भाव शिकवला तर त्यातल्या सहा-सात जणींचं नुकसान ठरलेलंच.

ऑलिंपिकमध्ये एके काळी अनिवार्य संच असायचे. सगळ्या देशांच्या खेळाडूंनी अगदी त्याच कसरती त्याच क्रमाने करायच्या. १९९६ च्या अटलांटा स्पर्धेनंतर ते गेले. लहान वयोगटांत मात्र ठरवून दिलेले संच अजून वापरतात, आणि ते बरोबरच आहे. पाया कुणाचा कच्चा राहिलाय हे त्यातच दिसतं. घोटाळा होतो तो तो संच पायाऐवजी शेवट मानला की.

चूक, मर्यादा आणि शैली

मुलगी काही वेगळं करताना दिसली की प्रशिक्षकाने आधी ठरवायचं, ही चूक आहे, मर्यादा आहे की शैली. तिघांवरचा उपाय वेगळा आहे आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात.

हँडस्टँडचंच घ्या. पाठीची कमान झालेला हँडस्टँड. सर ओरडतात, ‘पोट आत! पोट आत!’ महिनाभर ओरडतात. काही मुलींचं सुधारतं, कारण त्यांची ती चूक होती. पोट आवळायला विसरत होत्या. काहींचं तसूभरही सुधारत नाही. अशा मुलीला पाठीवर झोपवा. गुडघे दुमडलेले, तळपाय जमिनीवर, कंबर जमिनीला चिकटलेली. कोपरं सरळ ठेवून हात कानांशेजारून मागे न्यायला सांगा. मनगटं जमिनीला टेकली आणि बरगड्या वर आल्या नाहीत तर खांदे मोकळे आहेत. मनगटं हवेत चार बोटं लटकत राहिली, किंवा टेकली पण छाती फुगून वर आली, तर तिचे खांदे पूर्ण उघडतच नाहीत. हातांवर उभं राहून तोल साधायचा तर तिला कुठून तरी वाकावं लागणार, आणि ती पाठीतून वाकते. ही मर्यादा झाली. तिला ओरडून उपयोग नाही. प्रत्येक सत्रात पाचेक मिनिटं खांद्यांचा व्यायाम, काही महिने नेमाने. आणि तोवर भिंतीकडे तोंड करून हँडस्टँड, म्हणजे कमानीला जागाच राहत नाही.

आता याच्या बरोबर उलट मुलगी बघा, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. पहिल्याच दिवशी ब्रिज, म्हणजे हात-पाय टेकून पोट वर उचललेली कमान, असा टाकते की सगळे वाहवा करतात. आई व्हिडिओ काढते. बाजूने नीट पाहिलं तर खांदे मनगटांच्या खूप अलीकडेच राहिलेले असतात आणि सगळी कमान कंबरेच्या एकाच जागी, जणू तिथे बिजागरी बसवली आहे. कोपरं आणि गुडघे सरळपेक्षाही मागे जातात. अशा लवचीक मुलीला रोज पन्नास ब्रिज आणि वॉकओव्हर (हातांवरून एकेक पाय टाकत उलटणं) करायला लावले की भार मणक्याच्या त्याच एका टप्प्यावर पडत राहतो. वाढत्या वयात तिथे हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका असतो आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. तिला ब्रिज कमी आणि पोट-पाठीची ताकद जास्त द्यावी. ब्रिज करताना पाय ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर ठेवले की कंबरेचा भार उतरतो आणि खांद्यांना काम करावं लागतं. कडक खांद्यांच्या मुलीलाही हाच ठोकळा उपयोगी पडतो. तिला मात्र ब्रिज वाढवायचा असतो, हिला आवरायचा. दोघींना एका रांगेत एकच आकडा सांगणं म्हणजे एकीला अपुरं आणि दुसरीला अपायकारक.

शैली कशाला म्हणायचं? जे केल्याने ना गुण जातात, ना सांध्याला इजा होते, ना पुढची कसरत अडते. तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर हात लावू नका. तिसऱ्या प्रश्नाला अनुभव लागतो. आज निरुपद्रवी वाटणारी सवय दोन वर्षांनी आडवी येऊ शकते, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे दिशा.

डावं-उजवं

नव्या बॅचला कार्टव्हील शिकवताना सोय म्हणून सगळ्यांना उजवा पाय पुढे ठेवायला सांगतात. मॅटवर हातांचे स्टिकरही तसेच चिकटवलेले असतात. रांग सुंदर चालते. पण काही मुलांची नैसर्गिक बाजू डावी असते, आणि त्याचा लिहायच्या हाताशी संबंध असेलच असं नाही. उजव्या हाताने लिहिणारी पुष्कळ मुलं डावा पाय पुढे घेऊन कार्टव्हील करतात. अशी मुलगी वर्गात सांगितल्याप्रमाणे उजवीकडून कार्टव्हील शिकते, घरी हॉलमध्ये सोफा सरकवून डावीकडून करते, राउंड-ऑफ (कार्टव्हीलसारखीच, पण पाय जुळवून उतरायची कसरत) तिसऱ्याच ताईकडून शिकते. सात-आठ वर्षांची असेपर्यंत काही बिघडत नाही. पुढे ट्विस्ट, म्हणजे उडीत स्वतःभोवती फिरणं, सुरू झाला की ती हवेत गोंधळते. पुढच्या उडीत एका बाजूला फिरते, मागच्या उडीत दुसऱ्या. मग ‘घाबरते’ असा शिक्का बसतो. ती घाबरतेही, आणि तिचं बरोबर असतं. आपण कुठे आहोत हे तिला हवेत खरंच कळत नसतं.

राउंड-ऑफ आणि ट्विस्टची बाजू एकमेकांशी कशी जुळवावी यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. पण एका मुलीची फिरण्याची बाजू पुढच्या आणि मागच्या उडीत एकच असावी, यावर फारसा वाद नाही. म्हणून बाजू सुरुवातीलाच, काही शिकवण्याच्या आधी तपासावी. चार गोष्टी पुरतात. काहीही न सांगता ‘हातांवर उभी राहा’ म्हणा आणि कोणता पाय आधी उचलते ते बघा. पाय जुळवून, अंग सरळ ठेवून पुढे झुकायला सांगा, तोल जाताना कोणता पाय पुढे पडतो ते टिपा. जागच्या जागी उडी मारून पूर्ण गिरकी घ्यायला सांगा, दोन्ही बाजूंना. आणि जमिनीवर हात वर ताणून ओंडक्यासारखं लोळायला सांगा, आधी कुठल्या बाजूला जाते ते बघा. हे एकाच दिवशी नको, तीन वेगवेगळ्या दिवशी. मुलं पुढच्या मुलाची नक्कल करतात, त्यामुळे रांगेत न करता एकेकट्याला बोलवावं. निकाल संमिश्र आला तर काही आठवडे दोन्ही बाजू करू द्याव्यात. बहुतेकांची बाजू आपोआप ठरते.

एकदा बाजू ठरली की प्रशिक्षकालाही बदलावं लागतं. डाव्या मुलीला स्पॉटिंग करताना, म्हणजे पकडून आधार देताना, उभं राहायची बाजू बदलते, हाताचे स्टिकर बदलतात, समोर उभं राहून दाखवताना आरसा उलटा होतो. खरं सांगायचं तर मुलांना ‘एकच बाजू’ शिकवण्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं की सरांना दुसऱ्या बाजूने पकडायची सवय नाही.

शरीर वेगळं, म्हणून कसरतही वेगळी

रशियाची स्वेतलाना खोर्किना १६५ सेंटिमीटर उंच होती. अनइव्हन बारसाठी ही उंची अडचणीची, कारण लांब पाय खालच्या बारला लागतात आणि झोका सावकाश फिरतो. प्रशिक्षक बोरिस पिल्किन यांनी तिच्या लांब हातापायांना शोभतील अशा कसरती बांधल्या. १९९६ आणि २००० अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिने बारचं सुवर्ण जिंकलं, आणि नियमपुस्तकात तिच्या नावाच्या अनेक कसरती आहेत. सिमोन बाइल्स १४२ सेंटिमीटरची. तिचं बळ वेगळं, म्हणून उड्याही वेगळ्या. दोघींचे गुडघे मात्र सारखेच सरळ.

आपल्याकडे दीपा कर्माकर. सपाट तळव्यांची मुलगी. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम करून घेतलं. तिच्यात धाव होती, पायांत स्फोटक ताकद होती, म्हणून प्रोदुनोव्हा व्हॉल्ट तिला परवडला. त्या काळी त्याचे डी गुण ७.० होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५.०६६ गुणांसह ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० ने हुकलं. यातून ‘आपणही प्रोदुनोव्हा करू या’ हा धडा घेणारे निघालेच. तो व्हॉल्ट तिच्या शरीराचा हिशेब करून निवडलेला होता. टेबलावर हात टेकून उसळायचं, हवेत पुढे दोन कोलांट्या आणि मग आंधळं लँडिंग, म्हणजे उतरताना जमीन दिसतच नाही. ज्याच्याकडे ती धाव आणि उडीची ती उंची नाही त्याने हे करणं म्हणजे मान पणाला लावणं.

क्लासच्या पातळीवर हाच हिशेब साध्या गोष्टींत येतो. व्हॉल्टची धाव सगळ्यांना एकाच खुणेवरून देतात आणि मग निम्मी मुलं स्प्रिंगबोर्डजवळ येऊन अडखळतात. खूण प्रत्येकाची वेगळी हवी. बोर्डाकडे पाठ करून मुलाला उलट दिशेने पळू द्या, उडीची जागा येते तिथे खडूने रेघ मारा, तीनदा करून सरासरी घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला दहा-बारा मीटर भरपूर झाले. दर तीन महिन्यांनी खूण पुन्हा मोजा, कारण पाय लांब होतात आणि जुनी खूण खोटी ठरते.

सारखं काय हवं

लँडिंग. यात कुणाचीही कसलीही शैली चालवून घेऊ नये. पायांत नितंबांएवढं अंतर, पंजा टेकून लगेच टाच, गुडघे वाकलेले आणि दुसऱ्या बोटाच्या रेषेत, पाठ सरळ, हात समोर, नजर समोर; आणि तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. आधी ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून, मग ६० च्या, मग पाव गिरकी घेऊन. गुडघे आत वळत असतील तर घोटा तपासा. भिंतीसमोर पाऊल ठेवून अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटर, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागायला हवा. लागत नसेल तर घोटा कडक आहे आणि ‘गुडघे बाहेर’ म्हणून ओरडणं पुन्हा वायाच.

हॉलो म्हणजे पोट आत घेऊन किंचित वाटीसारखं वळलेलं अंग, सरळ हँडस्टँड, मनगटांवर खांदे आणणं, एका वेळी एकच जण मॅटवर, ‘तयार’ म्हटल्याशिवाय सुरुवात नाही, पडताना हात मागे टेकवायचा नाही. हेही सगळ्यांना सारखंच. पावसाळ्यात तर मॅट तपासण्याचा नियमही यात घालावा. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत मॅट दमट होतात, दोन मॅटमधले सांधे सरकतात, हाताला लावायच्या पावडरचे गोळे होतात.

मग प्रश्न येतो की वीस मुलांच्या बॅचमध्ये एकेकाकडे बघायचं कधी? एका मॅटवर एकच रांग लावली आणि प्रत्येक पाळीला, चालत परत येण्यासह, १५ सेकंद धरले तर एक फेरी पाच मिनिटांची होते. अर्ध्या तासात प्रत्येकाला सहा पाळ्या, बाकी वेळ रांगेत शेजाऱ्याला चिमटे काढण्यात. तीच वीस मुलं चार ठिकाणी पाच-पाच वाटली की पाळी ७५ सेकंदांनी येते, म्हणजे अर्ध्या तासात चोवीस. ठोकळ्यावरून लँडिंग, भिंतीला हँडस्टँड, रेघेवर कार्टव्हील ही तीन ठिकाणं पकडल्याशिवाय चालतात, तिथे मदतनीस ताई पुरते. प्रशिक्षकाने चौथ्या ठिकाणी, जिथे पकडावं लागतं तिथेच उभं राहायचं. एका पाळीला एकच सूचना द्यायची. काहींना ‘खांदे उचल’ कळतं, काहींना ‘छत ढकल’ म्हटलं की जमतं. चालेल ते वापरावं.

संच आणि संगीत

फ्लोअरचा संच जास्तीत जास्त ९० सेकंदांचा असतो. क्लासला प्रत्येक मुलीसाठी वेगळा संच बांधणं शक्य नसतं, हे मान्य. मधला रस्ता असा की मूळ संच एकच ठेवायचा आणि त्यात आठ-आठ मोजण्यांच्या दोन जागा मोकळ्या सोडायच्या. त्या मुलीने स्वतः भरायच्या, अट एवढीच की गुडघे-पंजे ताणलेले हवेत. पहिल्यांदा सगळ्या रिकाम्या चेहऱ्याने हात हलवतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक दिसू लागतो: एक ठसक्यात येते, एक सावकाश वळते, एकीला फक्त उड्याच मारायच्या असतात. पुढे स्वतंत्र संच बांधताना हीच माहिती कामाला येते.

र्‍हिदमिक, म्हणजे चेंडू-रिबनसारखी साधनं घेऊन संगीतावर करायच्या जिम्नॅस्टिक्समधल्या सांघिक प्रकाराला मात्र हे लागू नाही. तिथे पाच जणी १३ बाय १३ मीटरच्या चौकोनात एकत्र उतरतात आणि एकसंधपणा हाच गुणांचा विषय असतो. ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्णपदकं मिळवल्यापासून ठाण्यात र्‍हिदमिककडे वळणाऱ्या पालकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. वैयक्तिक प्रकार आणि सांघिक प्रकार यांच्या मागण्याच वेगळ्या आहेत.

उंची वाढते तेव्हा

मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी सर्वांत वेगाने वाढते. त्या काळात काल येणारी कसरत आज येत नाही. हातपाय लांबलेले असतात, वेळ चुकते. बॅचमध्ये दोन मुली एकाच वयाच्या, एक वाढीत आहे आणि एक अजून नाही. दोघींना तितक्याच उड्या लावल्या तर वाढीतल्या मुलीच्या टाचा, गुडघे, मनगटं दुखू लागतात. ही दुखणी आळसाची नसतात, हाडांच्या वाढत्या टोकांवर ताण पडल्याची असतात. महिन्याला एकदा भिंतीवर उंची मोजा. महिन्यात सेंटिमीटरभर वाढतेय असं दिसलं तर कठीण जमिनीवरची लँडिंग निम्मी करा, बाकी क्रॅश मॅटवर (जाड, मऊ गादीवर). मनगट एका जागी दाबल्यावर दुखत असेल तर हातांवरचं काम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि घर वाशीहून घोडबंदरला हललं, क्लास बदलला, तर नवीन सर म्हणणारच, ‘आमच्याकडे सगळे उजवीकडून करतात.’ मुलगी नुसती कार्टव्हील करत असेल आणि नव्या सरांच्या तपासणीतही उजवी बाजू निघाली, तर बदलायला हरकत नाही. राउंड-ऑफला जोडून बॅक हँडस्प्रिंग (मागे उसळून हातांवरून उलटणं) पक्की झाली असेल तर बाजू बदलू देऊ नका. वर्षभराचं काम वाया जातं आणि मधल्या काळात पडण्याचा धोका वाढतो. जुन्या क्लासमधून निघताना एका कार्डावर एवढं लिहून घ्या: पुढचा पाय, फिरण्याची बाजू, व्हॉल्टच्या खुणेचं बोर्डापासूनचं अंतर, शेवटच्या सहा महिन्यांची उंची, खांदा आणि घोटा तपासणीचा निकाल, कोणती कसरत एकटी करते आणि कोणत्या कसरतीला अजून पकडावं लागतं. शेवटची नोंद पहिल्याच दिवशी नवीन सरांच्या हातात द्या, बाकीच्या आठवडाभरात वाचल्या तरी चालतील.